रबाळ्याच्या कार्यशाळेत घडलेली मास स्पेक्ट्रोमीटरची नळी : दीड वर्षाच्या वापरानंतरचा अभिप्राय

ठाणे–बेलापूर रस्त्यालगतच्या रबाळे औद्योगिक वसाहतीत केवळ निर्वात उपकरणांचे काम करणारी एक लहान कार्यशाळा आहे. आमच्या विभागासाठी तिने टाइम-ऑफ-फ्लाइट मास स्पेक्ट्रोमीटरची, म्हणजे आयन (विद्युतभारित अणू) ठरावीक अंतर किती वेळात कापतात यावरून त्यांचे वस्तुमान मोजणाऱ्या उपकरणाची, एक मीटर लांबीची उड्डाणनळी, आयनस्रोताच्या तबकड्या आणि धातूची वाफ तयार करणाऱ्या भट्टीचा कक्ष असे तीन भाग बनवून दिले. या तिन्ही भागांचा आम्ही दीड वर्ष जवळजवळ रोज वापर केला असल्यामुळे आता त्यांच्याविषयी जबाबदारीने काही लिहिता येईल, असे वाटते. मालक आणि दोन कारागीर एवढेच तेथील मनुष्यबळ आहे. हातातील कामेच वेळेत होत नाहीत, तेव्हा आमचे नाव कोठे छापू नका, अशी मालकांनी स्वतः विनंती केल्यामुळे मी नाव देत नाही. मात्र असे काम करून घेताना काय पाहावे आणि काय विचारावे, हे वाचकांना कळावे इतका तपशील पुढे दिला आहे, कारण सुरुवातीलाच तो मला कोणी सांगितला असता तर आमचे संपूर्ण एक सत्र वाया गेले नसते.

मी ठाण्यातील एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. एका संशोधन संस्थेने वापरातून काढलेला एनडी-याग लेझर (स्फटिकाचा, स्पंदांत प्रकाश देणारा) आणि त्यावर चालणारा डाय लेझर (रंजकद्रव्याचा, तरंगलांबी बदलता येणारा) आमच्याकडे आला, तेव्हा धातूंच्या अणूंचे लेझरने आयनीकरण करून ते आयन वस्तुमानानुसार वेगळे मोजण्याची सोय पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी उभारावी, असे आम्ही ठरवले. त्यासाठी स्ट्रॉन्शियम हा धातू निवडला. स्ट्रॉन्शियमचा अणू ४६०.७ नॅनोमीटरचा निळा प्रकाश नेमका शोषून २.६९ इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूंच्या मापाचे ऊर्जेचे एकक) ऊर्जेच्या पातळीवर जातो. त्याची आयनीकरण ऊर्जा ५.६९५ इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. म्हणजे त्या पातळीवरून इलेक्ट्रॉन बाहेर काढण्यासाठी आणखी सुमारे तीन इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, आणि एनडी-याग लेझरच्या ३५५ नॅनोमीटर किरणाचा एक फोटॉन ३.४९ इलेक्ट्रॉनव्होल्ट देतो. हाच ३५५ नॅनोमीटरचा किरण कुमारिन ४६० या रंजकद्रव्यावर टाकून निळा प्रकाश मिळवायचा आणि त्यातील उरलेला भाग आयनीकरणासाठी वापरायचा, अशी ही सोयीची जोडी आहे. आमचा जुना लेझर एका सेकंदाला दहा स्पंद देतो आणि या कामाला तेवढे पुरतात.

या पद्धतीचे खरे बळ कोठे आहे, हे सांगितल्याशिवाय नळीच्या दर्जाविषयी बोलण्यात अर्थ नाही. निसर्गातील रुबिडियमचा ८७ वस्तुमानांकाचा समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचा वेगळ्या वस्तुमानाचा अणू) किरणोत्सर्गी असून सुमारे ४९.६ अब्ज वर्षांच्या अर्धायुष्याने त्याचे स्ट्रॉन्शियम-८७ मध्ये रूपांतर होते, आणि त्यावरूनच जुन्या खडकांचे वय काढतात. अडचण अशी की या दोन अणूंच्या वस्तुमानांतील फरक इतका सूक्ष्म आहे की केवळ वस्तुमानावरून ते वेगळे ओळखायचे तर जवळजवळ तीन लाखांची विभेदनक्षमता (वस्तुमान भागिले ओळखता येणारा सर्वांत लहान फरक) लागेल. आमच्या नळीची विभेदनक्षमता २५० आहे. तरीही आम्ही ते वेगळे ओळखतो, कारण निवड वस्तुमानावर होण्याआधी प्रकाशावर होते : ४६०.७ नॅनोमीटरला रुबिडियमचा अणू दाद देत नाही. रुबिडियमच्याच अणूंचे दोन पायऱ्यांत निवडक आयनीकरण अंबार्त्सुम्यान, लेतोखोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली करून दाखवले, आणि १९७७ साली अमेरिकेतील ओक रिज येथे हर्स्ट, नायफे आणि यंग यांनी याच तत्त्वाने सीझियमचा एकटा अणू टिपून दाखवला. आज जिनिव्हाजवळील सर्न या युरोपीय अणुसंशोधन संस्थेच्या आयसोल्डे प्रकल्पात हव्या त्या मूलद्रव्याचे आयन निवडून काढण्यासाठी असाच लेझर आयनस्रोत वापरात आहे.

तेव्हा लेझर आपले काम चोख करतो. पण त्याने तयार केलेले आयन एक मीटर अंतर कशालाही न अडखळता पार करून डिटेक्टरपर्यंत पोहोचावेत, आणि स्ट्रॉन्शियमच्या ८७ व ८८ या समस्थानिकांच्या पोहोचण्यातील अंतर पुसले जाऊ नये, ही जबाबदारी पत्रा, वेल्डिंग आणि स्क्रू यांच्यावर असते. दोन हजार व्होल्टने प्रवेगित केलेला स्ट्रॉन्शियम-८८ चा आयन एक मीटरची नळी सुमारे १५.१ मायक्रोसेकंदांत ओलांडतो, आणि ८७ चा आयन त्याच्या फक्त ८६ नॅनोसेकंद आधी पोहोचतो. निर्वातात किंवा तबकड्यांच्या समांतरतेत कोठेही हलगर्जीपणा झाला, तर नुकसान या ८६ नॅनोसेकंदांचे होते.

आमची पहिली नळी या कार्यशाळेची नव्हती. महाविद्यालयाच्या नियमाप्रमाणे आम्ही तीन दरपत्रके मागवली होती आणि सर्वांत कमी दराच्या पुरवठादाराला काम दिले होते. नळी वेळेवर आली, आरशासारखी चकचकीत होती, आणि तिच्यासोबत हेलियम फवारून केलेली गळतीची चाचणी उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्रही होते. टर्बो पंप जोडून आम्ही निर्वात करायला घेतले, तेव्हा दाब मिलिबारच्या एक लक्षांशापर्यंत उतरला आणि तेथेच अडून बसला. आयन टिपणाऱ्या आमच्या मायक्रोचॅनेल प्लेट डिटेक्टरला उच्च विद्युतदाब देण्यापूर्वी दाब एक दशलक्षांश मिलिबारच्या आसपास यावा लागतो, नाही तर प्लेट जळण्याचा धोका असतो. रात्रभर पंप चालवला, सांधे पुन्हा आवळले, सगळे गॅस्केट बदलले. पुरवठादाराला बोलावले, तर त्यांनी हेलियमने तपासून गळती नसल्याचे पुन्हा सिद्ध केले आणि दोष आमच्या पंपाचा असल्याचे लेखी कळवले. यात पावसाळा संपला आणि एका विद्यार्थिनीच्या प्रकल्पाची मुदतही संपत आली. तिचा प्रकल्प शेवटी केवळ लेझरच्या तरंगलांबीच्या अंशांकनावर सादर करावा लागला, याचे मला आजही वाईट वाटते.

खाडीपलीकडे, ज्याला आपण मराठीत तुर्भेच म्हणतो त्या ट्रॉम्बेत अनेक वर्षे काम करून निवृत्त झालेल्या एका परिचितांनी रबाळ्याच्या या कार्यशाळेचा पत्ता दिला. ठाण्याहून ट्रान्सहार्बर गाडीने रबाळे स्थानकावर उतरून रिक्षाने तेथे जाता येते. वसाहतीतील रासायनिक कारखान्यांच्या मागच्या गल्लीत, पारसिकच्या डोंगराकडे तोंड केलेला तो गाळा बाहेरून इतर गाळ्यांसारखाच दिसतो. आत गेल्यावर फरक कळतो. लेथ आणि ड्रिलिंग यंत्र पुढच्या भागात आहेत. मागच्या बाजूला काचेच्या दाराची वेगळी खोली असून तेथे चपला काढून आणि हातमोजे घालूनच जाता येते. उघड्या बोटांचा एक ठसासुद्धा निर्वातात दिवसभर वाफ सोडत राहतो, हे तेथील सर्वांत तरुण कारागिराने मला न विचारता सांगितले. मालकांना सगळे काका म्हणतात, मीही म्हणते.

काकांनी नळीवर नजर टाकली आणि पहिला प्रश्न विचारला तो असा : “मॅडम, ही बफिंग करून आणली का?” बफिंग म्हणजे पेस्ट लावून केलेले घासकाम, आणि त्यातून येणारा चकचकीतपणा हा आम्हाला गुण वाटत होता. त्यांनी सांगितले की बफिंगची पेस्ट पोलादाच्या पृष्ठभागात दाबली जाते आणि नंतर कितीही धुतली तरी पूर्ण निघत नाही. निर्वातात ती आपला वास सोडत राहते. मग त्यांनी टॉर्च घेऊन फ्लँज (नळीच्या टोकाची जोडकडी) आणि नळी यांचा सांधा आतून पाहिला, बाहेरून पाहिला, आणि दुसरा प्रश्न विचारला : “शेवटी हवा आत सोडताना नायट्रोजन सोडला होता की बाहेरचीच हवा?” आम्ही बाहेरचीच हवा सोडली होती. त्यांनी नळी ठेवून घेतली आणि दोन दिवसांनी या म्हणाले.

दोन दिवसांनी मी जे पाहिले ते मी आता दर वर्षी वर्गात सांगते. काकांनी नळी निर्वात केली होती, नंतर तिच्यात शुद्ध आर्गॉन भरून रात्रभर ठेवला होता आणि सकाळी पुन्हा पंप चालू केला होता. त्यांच्याकडे उरलेले वायू ओळखणारा एक जुना, लहान चतुर्ध्रुवी मास स्पेक्ट्रोमीटर आहे. त्याच्या पडद्यावर ४० या वस्तुमानांकावर, म्हणजे आर्गॉनच्या जागी, एक ठळक शिखर उभे होते आणि पंप चार तास चालूनही ते हटत नव्हते. बाहेरून गळती असती तर हवेतील नायट्रोजन २८ वर सर्वांत मोठा दिसला असता, कारण हवेत आर्गॉन एक टक्क्याहूनही कमी असतो. याचा अर्थ आर्गॉन नळीच्या आतच कोठेतरी दडून बसला होता आणि हळूहळू झिरपत होता.

काकांनी सांधा दाखवला. पहिल्या पुरवठादाराने फ्लँजला नळी बाहेरून वेल्ड केली होती आणि मजबुतीसाठी आतूनही वेल्ड केली होती. वेल्डिंगच्या या दोन टाक्यांच्या मधल्या फटीत हवा कोंडली गेली, आणि आतल्या टाक्यातील केसाएवढ्या छिद्रातून ती आत झिरपत राहिली. बाहेरचा टाका पूर्ण असल्यामुळे बाहेरून हेलियम फवारल्यावर काहीच सापडत नव्हते. प्रमाणपत्र खोटे नव्हते. त्याने विचारलेला प्रश्नच अपुरा होता. काकांनी आतल्या टाक्यातून त्या फटीपर्यंत एक मिलिमीटरचे भोक पाडले, नळी धुऊन पुन्हा जोडली, आणि त्याच संध्याकाळी दाब अडलेल्या अंकाच्या खाली उतरू लागला. या कामाचे त्यांनी फक्त धुण्याचे पैसे घेतले.

बफिंगमुळे ती नळी तरीही आमच्या कामाची उरली नव्हती, म्हणून आम्ही नवी नळी, आयनस्रोत आणि भट्टीचा कक्ष असे संपूर्ण काम त्यांनाच दिले. त्यांचा दर पहिल्या पुरवठादाराच्या सव्वापट होता. एकदा फुकट गेलेल्या खरेदीचा दाखला जोडून आम्ही तो समितीकडून मंजूर करून घेतला, आणि इतर संस्थांतील सहकाऱ्यांनीही तांत्रिक तपशील निविदेतच इतक्या काटेकोरपणे लिहावा की कमी दराचा पुरवठादार त्यातून आपोआप गळेल, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे. आमच्या दुसऱ्या निविदेत आम्ही लिहिलेली वाक्ये साधी होती : सर्व वेल्डिंग निर्वाताच्या बाजूने, सलग आणि एकाच टाक्यात असावे, आतल्या पृष्ठभागाला बफिंग करू नये, आंधळ्या (आरपार न जाणाऱ्या) भोकात बसणाऱ्या प्रत्येक स्क्रूला, तळाशी हवा कोंडू नये म्हणून, मधून आरपार भोक असावे, चाचणीत गळतीचा दर सेकंदाला मिलिबार-लिटरच्या एक अब्जांशापेक्षा कमी असावा, आणि पंप चालू केल्यानंतर बारा तासांनी गाठलेला दाबही प्रमाणपत्रात नोंदवावा. हे शेवटचे कलम काकांनी सुचवले. पहिल्या नळीच्या वेळी ते असते तर ती दारातूनच परत गेली असती.

नव्या नळीचे काम पाहायला मी तीन वेळा गेले. ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या नळीला आर्गॉन वेल्डिंगने फ्लँज जोडताना नळीच्या आतही आर्गॉनचा प्रवाह सोडलेला होता, त्यामुळे टाक्याच्या मागे काळपटपणा आला नाही. टाका जिवंत असतानाच कारागीर त्याच्यावरून नजर हलवत नव्हता. एका ठिकाणी हात थोडा थांबला, तर त्याने तेवढा भाग घासून पुन्हा केला आणि काकांना तसे सांगितलेही. फ्लँजची धारदार कड तांब्याच्या गॅस्केटमध्ये रुतून सांधा बंद करते, म्हणून तिच्यावर एक ओरखडासुद्धा चालत नाही. प्रत्येक फ्लँजवर ते प्लास्टिकचे झाकण बसवून ठेवतात, आणि बसवण्याआधी काका अंगठ्याचे नख त्या कडेवरून पूर्ण गोल फिरवतात. एका फ्लँजवर नख थांबले. ती फ्लँज त्यांनी बाजूला काढून ठेवली आणि दुसरी घेतली. मला स्वतःला भिंग लावूनही तेथे काही दिसले नव्हते.

हेलियमची अंतिम चाचणी माझ्यासमोर झाली. नळी गळतीशोधकाला जोडून, बारीक नळीच्या टोकातून हेलियमचा अगदी हलका झोत एकेका सांध्यावर सोडायचा आणि प्रत्येक वेळी आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचे, असे ते काम आहे. हेलियम हवेपेक्षा हलका असल्यामुळे वर जातो, म्हणून तपासणी वरच्या सांध्यापासून सुरू करतात. खालून सुरू केली तर खालचा हेलियम वर जाऊन वरच्या सांध्याची गळती खालच्या सांध्याच्या नावावर पडते. अकरा सांध्यांना पाऊण तास लागला. कोणीही घाई केली नाही.

आयनस्रोताविषयी मात्र तक्रार नोंदवणे भाग आहे. विली आणि मॅक्लॅरेन यांनी १९५५ साली मांडलेल्या रचनेप्रमाणे दोन टप्प्यांचे विद्युतक्षेत्र तयार करण्यासाठी तीन तबकड्या ठरावीक अंतरावर समांतर ठेवाव्या लागतात, आणि त्यांतील दोन तबकड्यांच्या मध्यभागी बारीक निकेलची जाळी असते. लेझरच्या किरणाला जाडी असल्यामुळे सगळे आयन एकाच बिंदूत जन्मत नाहीत. डिटेक्टरपासून लांब जन्मलेल्याला जास्त ऊर्जा मिळून तो पुढे जन्मलेल्याला डिटेक्टरजवळ गाठतो, हे या रचनेचे मर्म आहे. जाळ्या काकांनी ढोलकीच्या पुडीसारख्या ताणून बसवल्या होत्या आणि त्या निर्दोष होत्या. परंतु तबकड्यांमधील सिरॅमिकच्या नळकांड्या त्यांनी बाहेरून आणल्या होत्या आणि त्यांच्या लांबीत ०.३ मिलिमीटरचा फरक राहिला. आमच्या पहिल्या मोजणीत शिखरांची रुंदी ७० नॅनोसेकंद आली. ८६ नॅनोसेकंदांच्या अंतरावर असलेली दोन शिखरे इतकी रुंद असतील तर त्यांचे पायथे एकमेकांत मिसळतात, आणि ८८ चे शिखर ८७ पेक्षा जवळजवळ बारा पट मोठे असल्यामुळे ८७ त्याच्या उतारावरच्या उंचवट्यासारखे दिसत होते. आमचे तीन आठवडे लेझरचा किरण बारीक करण्यात गेले. शेवटी स्रोत बाहेर काढून मायक्रोमीटर लावला तेव्हा कारण सापडले. काकांनी चूक मान्य केली, सगळ्या नळकांड्या एकत्र पकडून एकाच वेळी घासून समान केल्या आणि काही आकारले नाही. परंतु बाहेरून आणलेला भाग बसवण्याआधी मोजणे हे त्यांचे काम होते. दुरुस्तीनंतर रुंदी ३० नॅनोसेकंदांवर आली.

त्या दिवसाची मोजणी तपशिलाने सांगते, कारण या तिन्ही भागांची खरी परीक्षा तीच होती. भट्टीत स्ट्रॉन्शियम धातूचे तुकडे होते, आणि शेजारच्या लहान कप्प्यात रुबिडियम क्लोराइड आणि कॅल्शियमचे कण होते. तापवल्यावर कॅल्शियम क्लोरीन ओढून घेतो आणि रुबिडियम मोकळे होते. तापमान ४५० अंश सेल्सिअस होते. डाय लेझर ४६०.७ वर आणताच ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर पंधरा मायक्रोसेकंदांच्या जवळ एक उंच शिखर उभे राहिले, त्याच्या डावीकडे दोन लहान शिखरे स्वतंत्र उभी होती, आणि एक हजार स्पंदांची सरासरी घेतल्यावर आणखी डावीकडे ८४ चे इवलेसे शिखरही वर आले. निसर्गात हा समस्थानिक केवळ ०.५६ टक्के असतो. मग विद्यार्थ्याने लेझरची तरंगलांबी जेमतेम ०.२ नॅनोमीटर हलवली. चारही शिखरे जवळजवळ तळाला गेली आणि आतापर्यंत लक्षात न आलेला ८५ वरचा बारीकसा उंचवटा तेवढा जागेवर राहिला. तो रुबिडियमचा होता. अतिनील किरणाचे दोन फोटॉन एकदम गिळून थोडेसे रुबिडियम निवडीविनाच आयन होते, एवढाच त्याचा अर्थ. तरंगलांबी परत आणली की स्ट्रॉन्शियम परत येई. हे आम्ही त्या दुपारी कितीतरी वेळा केले.

समस्थानिकांचे प्रमाण मात्र पहिल्याच दिवशी बरोबर आले नाही. ८८ आणि ८६ यांचे नैसर्गिक प्रमाण ८.३७ आहे आणि आम्हाला सहाच्या आसपास मिळत होते. दोष नळीचा नव्हता. सर्वांत मोठ्या शिखराच्या वेळी डिटेक्टर थकत होता. भट्टी ४२० अंशांवर आणल्यावर प्रमाण सव्वाआठपर्यंत गेले. आमच्या डाय लेझरचा पट्टा काही गिगाहर्ट्झ रुंद आहे आणि ८६ व ८८ यांच्या रेषांतील अंतर सुमारे १२५ मेगाहर्ट्झच आहे, त्यामुळे लेझर त्यांच्यात भेदभाव करत नाही, आणि हे प्रमाण नळी व डिटेक्टर यांची प्रामाणिक कसोटी ठरते. ज्यांना नवी नळी तपासायची आहे त्यांनी याच कसोटीपासून सुरुवात करावी.

भट्टीचा कक्ष हा तिन्ही भागांत मला सर्वांत उपयोगी वाटला. अणूंची शलाका, लेझरचा किरण आणि उड्डाणनळी परस्परांना काटकोनात आहेत, आणि शलाकेच्या समोरची तबकडी सुटी करून धुता येते, त्यामुळे धातूचा थर खिडक्यांवर जमत नाही. तापलेल्या पृष्ठभागावरून रुबिडियम लेझरशिवायही आयन होऊन निघते, कारण त्याची आयनीकरण ऊर्जा अवघी ४.१८ इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. ते आयन अडवण्यासाठी भट्टीच्या तोंडाशी धन विभवाची एक तबकडी ठेवावी, ही सूचनाही ड्रॉइंग पाहून काकांनीच केली. त्यांचे भौतिकशास्त्राचे औपचारिक शिक्षण नाही. पण अशा भट्ट्या त्यांनी आधी बनवल्या आहेत आणि त्या कशा वागतात हे त्यांनी विचारून ठेवले आहे. पावसाळ्यात नवी मुंबईची दमट हवा एकदा कक्षात शिरली की पोलादाला चिकटलेले पाणी निघायला दोन दिवस लागतात आणि स्ट्रॉन्शियमचे तुकडे पाहता पाहता पांढरे पडतात, म्हणून कक्षाला कोरडा नायट्रोजन सोडण्याची वेगळी झडप आणि धातू भरण्यासाठी आर्गॉनची पिशवी लावण्याचे तोंड त्यांनी दिले आहे. या दोन गोष्टी आमच्या मागणीत नव्हत्या. गेल्या जुलैत त्यांच्यामुळेच काम थांबले नाही.

आता उणिवा. सांगितलेल्या तारखेपेक्षा काम सात आठवडे उशिरा मिळाले. फोन उचलला जात नाही. प्रत्यक्ष जावे लागते. जीएसटीचे बिल ३१ मार्चनंतर आले, त्यामुळे अनुदानाचा हिशेब पुन्हा मंजूर करून घ्यावा लागला आणि लेखा विभागात मला दोनदा स्पष्टीकरण द्यावे लागले. केलेल्या बदलांची सुधारित ड्रॉइंग ते देत नाहीत. ती आम्हाला मोजून तयार करावी लागली. उच्च विद्युतदाबाचे पुरवठे, डिटेक्टर आणि स्पंदांची इलेक्ट्रॉनिक्स ते हाती घेत नाहीत आणि तसे सुरुवातीलाच सांगतात. ज्यांना ठरावीक तारखेला उपकरण हवेच आहे, त्यांनी येथे जाऊ नये.

आणखी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण हे उपकरण पाहायला येणारे बरेच जण तीच विचारतात. पाण्यातील किंवा मातीतील धातूंचे प्रमाण तेवढे हवे असेल, तर असे उपकरण उभारण्याची मुळीच गरज नाही. ठाणे आणि नवी मुंबई परिसरातील व्यावसायिक प्रयोगशाळांत आयसीपी-एमएसची (तप्त प्लाझ्माने आयन करून वस्तुमान मोजण्याची) सेवा मिळते आणि ती या कामाला अधिक योग्य आहे. त्या पद्धतीत रुबिडियम-८७ आणि स्ट्रॉन्शियम-८७ वेगळे करायचे तर आधी रासायनिक विलगीकरण किंवा अभिक्रिया करणारा वायू लागतो, एवढे ध्यानात ठेवावे. आमच्या विद्यार्थ्यांनी पारसिकच्या खडकाचे वय काढता येईल का, असे उत्साहाने विचारले होते. दख्खनचा बेसाल्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांचा आणि रुबिडियमने गरीब आहे. एवढ्या काळात त्याच्या स्ट्रॉन्शियमच्या प्रमाणात पडणारा फरक टक्क्याच्या दहाव्या भागाहूनही कमी असतो आणि आमची अचूकता काही टक्क्यांची आहे. ते काम उष्णतेने आयनीकरण करणाऱ्या मोठ्या मास स्पेक्ट्रोमीटरचे आहे. आमची नळी लेझर निवड कशी करतो हे शिकण्यासाठी, अणूंच्या उत्तेजित पातळ्या शोधण्यासाठी आणि आयनीकरणाच्या नव्या पायऱ्या तपासण्यासाठी आहे, आणि त्या कामात ती दीड वर्ष एकदाही आड आलेली नाही. आजही बारा तासांच्या पंपिंगनंतर ती प्रमाणपत्रातलाच दाब दाखवते.

पुढच्या टप्प्यात मामिरिन यांच्या पद्धतीची, आयनांना विद्युत आरशातून परतवणारी नळी आम्ही याच कार्यशाळेला सांगितली आहे. त्या कामासाठी सिरॅमिकच्या नळकांड्यांची मापे बसवण्यापूर्वी लेखी द्यावीत, सुधारित ड्रॉइंग बिलासोबत द्यावी आणि बिल फेब्रुवारीत द्यावे, ही तीन कलमे मी वाढवली आहेत. काकांनी ती वाचून सही केली, आणि माझ्या ड्रॉइंगमध्ये आरशाच्या शेवटच्या तबकडीच्या स्क्रूला आरपार भोक दाखवायचे राहिले होते, ते पेन्सिलीने काढून दिले.